मैदान मिळाले, पंगतीचे काय?

‘निर्वासित’ हा शब्द ऐकला की आपल्या मनात दूरदेशीची चित्रे उभी राहतात. समुद्रात हेलकावणारी रबरी होडी, तंबूंच्या रांगा, कडेवर मूल घेतलेली आई. वर्तमानपत्राचे पान उलटले की ती चित्रेही मनाआड होतात. परंतु रत्नागिरीत राहून इतिहास शिकविणाऱ्याला हे पान इतक्या सहजतेने उलटता येत नाही. ज्या शहराची ओळख आपण हापूस आणि समुद्र या दोन शब्दांत करून देतो, त्या शहराने तीस वर्षांहून अधिक काळ एका हद्दपार कुटुंबाला आपल्या वेशीच्या आत ठेवले होते. आणि ते कुटुंब बौद्ध होते.

ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले येथे पदच्युत केले. काही महिने मद्रासला ठेवून १८८६ साली त्याला राणी सुपायालत आणि लहानग्या मुलींसह रत्नागिरीस आणण्यात आले. डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच निवर्तला. कुटुंब मायदेशी परतले ते १९१९ साली. आज थिबा राजवाडा पाहण्यास येणारे पर्यटक राजाची कहाणी ऐकून हळहळतात. शिक्षकाच्या मनात मात्र पहिला प्रश्न येतो तो त्याच्या मुलींविषयी. चार मुली होत्या. थोरल्या दोघी मंडालेच्या, तिसरी मद्रासमध्ये जन्मलेली आणि धाकटी तर १८८७ साली रत्नागिरीतच जन्मलेली. या मुली कोणाबरोबर खेळल्या असतील?

गावातील मुलांच्या शाळेत त्या कधी बसल्या नाहीत, एवढे इतिहास सांगतो. सरकारने त्यांना छप्पर दिले, भत्ता दिला, पहारा दिला. सवंगड्यांची तरतूद कोणत्याही सरकारी आदेशात नव्हती. तरीही रत्नागिरी त्यांच्या आयुष्यात शिरलीच. थोरल्या राजकन्येचे मन राजवाड्यातील गोपाळ सावंत या मराठी सेवकाशी जुळले. त्यांची मुलगी टुटू पुढे रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलली, येथेच तिने संसार केला. आणि तो संसार दारिद्र्याचा होता. परका माणूस आज ना उद्या मातीत मिसळतोच. तो पुढच्या दाराने मानाने आत येतो की मागच्या दाराने चोरपावलांनी, एवढेच यजमान समाजाच्या हाती असते.

आश्रय आणि सहवास या दोन गोष्टी भिन्न आहेत. आश्रय शासन देऊ शकते. सहवास समाजालाच द्यावा लागतो. लहान मुलांच्या बाबतीत या सहवासाचे सर्वांत सोपे साधन म्हणून आज जगभर खेळाचे नाव घेतले जाते. भाषा येत नसली तरी चेंडू कळतो, हा त्यामागील विचार. तो चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि त्याचे अपुरेपण आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळण्याजोगे नाही, असे मला वाटते. या स्मरणिकेच्या निमित्ताने तेवढाच मुद्दा मांडावयाचा आहे.

२०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये निर्वासितांचा स्वतंत्र संघ प्रथमच उतरला. त्यात दहा खेळाडू होते. त्यांपैकी युसरा मार्दिनी ही सीरियातील जलतरणपटू. आदल्याच वर्षी एजियन समुद्रात होडीचे इंजिन बंद पडले, तेव्हा तिने आणि तिच्या बहिणीने पाण्यात उतरून ती होडी किनाऱ्याकडे नेण्यास हातभार लावला होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा संघ ३७ खेळाडूंचा झाला आणि मुष्टियोद्धा सिंडी न्गांबा हिने कांस्यपदक जिंकले. निर्वासित संघाचे ते पहिले पदक. या कथा मी वर्गात आवर्जून सांगतो. मुलांचे डोळे चमकतात. पण वर्गात चाळीस मुले असतात. त्यांत युसरा एखादी असेल, कदाचित नसेलही. उरलेल्या एकोणचाळिसांना, ज्यांना धड धावता येत नाही, ज्यांच्या हातून झेल सुटतात, त्यांना हा खेळ आपल्यात घेणार आहे काय? खेळातून परके मूल आपले झाले असे केव्हा म्हणावे? ते पदक जिंकून आणते तेव्हा नव्हे, तर ते हरल्यावरही त्याची जागा कायम राहते तेव्हा. सामान्य खेळाडू असण्याचा हक्क हीच खरी कसोटी होय.

महाराष्ट्राच्या इतिहासात या कसोटीवर पारखून पाहाव्यात अशा काही घटना आहेत. आंबा घाट चढून गेले की कोल्हापूर लागते. तेथून जवळच वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडमधील सुमारे पाच हजार निर्वासितांची वसाहत होती. सोव्हिएत सत्तेने १९४० नंतर पूर्व पोलंडमधून ज्यांना सैबेरियाकडे हाकलले, त्यांतील वाचलेली ही माणसे इराणमार्गे भारतात पोहोचली होती. बहुतेक स्त्रिया आणि मुले. वळिवड्यात त्यांच्यासाठी शाळा निघाल्या, रुग्णालय आणि चर्च झाले, बालवीर चळवळीची पथके उभी राहिली. उपासमारीतून आलेल्या त्या मुलांना कवायत, सहली, शेकोटी आणि खेळ यांनी त्यांचे हरवलेले बालपण पुष्कळ अंशी परत दिले. म्हणूनच त्यांतील कित्येकजण म्हातारपणी काठी टेकत कोल्हापूर पाहण्यास परत आले. वॉर्सा शहरात आज कोल्हापूरच्या नावाने स्मारक आहे. कोल्हापूरकरांना याचा अभिमान वाटावा, आणि तो रास्तच आहे.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वळिवड्याचे मैदान वसाहतीच्या कुंपणाच्या आत होते. ती मुले एक दिवस निघून जाणार, हे पाहुण्यांना आणि यजमानांना, दोघांनाही ठाऊक होते. शाळा पोलिश, भाषा पोलिश, पथके पोलिश. तेथे मुलांच्या मनाची जखम भरून काढणे हा खेळाचा उद्देश होता, आणि तो साध्य झाला. परक्याला आपल्यात घेण्याचा प्रश्न तेथे आलाच नाही. पुढे त्याच वळिवड्याच्या छावणीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वस्ती झाली. तेच आजचे गांधीनगर, कापडाच्या व्यापारासाठी साऱ्या दक्षिण महाराष्ट्राला माहीत असलेले. त्यांना परत जावयाचे नव्हते. त्यांनी बाजारपेठेच्या मार्गाने आपली जागा निर्माण केली. एकाच भूमीवर दोन निर्वासित समूह आले. एक पाहुणा म्हणून राहून गेला, दुसरा शेजारी झाला.

तिसरे उदाहरण आपल्या धम्मबांधवांचे. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळ १९७२ पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिवाळ्यात आपल्या शहरांतून लोकरी कपड्यांची दुकाने मांडणारे तिबेटी आपण पाहतो. त्यांच्याशी आपले बोलणे बहुधा स्वेटरच्या किमतीपलीकडे जात नाही. भारतातील तिबेटी तरुणांमध्ये फुटबॉलचे मोठे वेड आहे. दलाई लामांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ १९८१ पासून भरविली जाणारी त्यांची चषक स्पर्धा हा वसाहती-वसाहतींना जोडणारा मोठा उत्सव असतो. देश गमावलेल्या लोकांना आपण एक आहोत हे अनुभवण्यासाठी असे स्वतःचे मैदान हवेच; त्याला कोणी नावे ठेवू नयेत. पण भिक्खू, विहार आणि बुद्धवंदना यांनी त्यांच्याशी जोडलेले आपण आपल्या मुलांचा एखादा संघ घेऊन त्यांच्या गावी खेळण्यास का जात नाही, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडलेला आहे. धम्माचे नाते व्याख्यानात सांगावयाचे आणि मैदानावर मात्र एकमेकांना ओळखावयाचे नाही, हे बरे नव्हे.

आता ज्या उदाहरणाने माझे मत बनविले, त्याकडे वळतो. ते निर्वासितांचे नाही. आपल्याच देशात परके ठरविलेल्यांचे आहे. बाळू पालवणकर हे चर्मकार समाजात जन्मलेले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात क्रिकेटच्या मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीत त्यांनी उमेदवारी केली. साहेबाला सराव मिळावा म्हणून तासन्‌तास गोलंदाजी टाकली. त्यांची करामत पाहून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सर्व जातींचे खेळाडू हाताळीत. चहाच्या सुट्टीत मात्र त्यांना मंडपाबाहेर मातीच्या कपातून वेगळा चहा मिळे, आणि जेवणाचे पानही वेगळे असे. १९०६ आणि १९०७ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाला नमविले, त्या विजयांत त्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. एवढे करूनही चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली, आणि तेही बऱ्याच झगड्यानंतर.

या कथेकडे दोन प्रकारे पाहता येते. खेळाने जातीची भिंत खिळखिळी केली, असे कोणी म्हणेल. ते अगदीच खोटे नाही. बाळूंच्या गोलंदाजीने हजारो प्रेक्षकांना टाळ्या वाजविण्यास भाग पाडले, आणि तरुण भीमरावांसह अस्पृश्य समाजातील एका पिढीला त्यांचा अभिमान वाटला. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंनाच बाबासाहेबांविरुद्ध उभे केले आणि बाबासाहेब विजयी झाले, हा इतिहासाचा वेगळा अध्याय आहे. मला मात्र या कथेतील हिशेब अस्वस्थ करतो. ११४ बळी घेणाऱ्याला मैदान मिळाले, पण पंगत मिळाली नाही. मग ज्याला एकही बळी मिळत नव्हता, अशा त्याच वस्तीतील मुलाला काय मिळाले? त्याला मैदानही मिळाले नाही. संघाला बाळूंचा डावा हात हवा होता. त्या हाताचा मालक पंगतीला नको होता. गुणवंताला आत घेणे ही समता नव्हे. ती गरज असते, आणि गरज सरली की वैद्य मरो, हा जगाचा न्याय आहे.

त्या काळातील चौरंगी आणि पुढे पंचरंगी सामने धर्मवार संघांत खेळले जात. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि शेवटी ‘इतर’. हजारो लोक ते पाहत, एकमेकांच्या खेळाला दादही देत. तरी त्या मैदानाची आखणीच समाजाच्या फाळणीवर झालेली होती. १९४६ मध्ये ते सामने बंद पडले. खेळ माणसांना जोडतो, हे वाक्य म्हणूनच अर्धे आहे. संघ कसे पाडले जातात, यावर खेळ जोडणार की तोडणार हे ठरते.

बाबासाहेबांना हे पुरते उमगलेले होते. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या आरंभी सोलापुरात वसतिगृह काढले, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. त्याच सभेच्या कार्यात मुंबईतील मोफत वाचनालय होते, आणि महार हॉकी क्लबही होता, हे फारसे सांगितले जात नाही. तरुणांना जुगार आणि दारू यांपासून दूर ठेवावे, हा त्या क्लबचा हेतू होता. वसतिगृह, वाचनालय आणि हॉकीची काठी या तिन्ही गोष्टी एकाच संस्थेच्या कामात असाव्यात, यात मला मोठा अर्थ दिसतो. खेळ हा अभ्यासानंतर उरलेल्या वेळेचा विरंगुळा नव्हता. तो माणूस घडविण्याच्या कार्यक्रमाचा भाग होता. १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात बाबासाहेबांनी आदर्श समाजाचे जे लक्षण सांगितले आहे, त्यात समाजाच्या सर्व थरांत मोकळे दळणवळण असावे आणि परस्परांच्या संपर्काच्या अनेक वाटा खुल्या असाव्यात, हा विचार आहे. मैदान ही अशी एक वाट आहे. पण ती एकटीच खुली ठेवून पाणवठा, ताट आणि बाक यांच्या वाटा बंद ठेवल्या, तर त्या एका वाटेने समाज कोठेही पोहोचत नाही.

आता आपल्या अंगणाकडे पाहू. रत्नागिरीच्या आंबाबागांतून राखणदारीला आणि मिरकरवाड्यासारख्या बंदरांतील नौकांवर खलाशी म्हणून नेपाळी माणसे मोठ्या संख्येने येतात. बरीच कुटुंबे मुलाबाळांसह बागेतील खोपटात राहतात. कायद्याच्या भाषेत ती निर्वासित नाहीत. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना येथे येण्या-राहण्याची मोकळीक आहे. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर तर भारताने सहीच केलेली नाही. त्यामुळे ‘निर्वासित’ हा शब्द आपल्याकडे कागदापेक्षा परिस्थितीवरूनच ओळखावा लागतो. आणि परिस्थिती पाहिली तर या मुलांची अवस्था निर्वासित मुलांहून फारशी वेगळी नाही. घरची भाषा एक, शाळेची दुसरी. मोहोर धरण्याच्या सुमारास यावयाचे आणि आंबा उतरला की जावयाचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून त्या दिवसांत खलाशांची घरेही गावाकडे निघतात. शाळा जूनमध्ये सुरू होते, तेव्हा हे मूल येथे नसते. ते येते दिवाळीच्या मागेपुढे, आणि तालुक्याच्या शालेय स्पर्धा बहुधा तोवर उरकलेल्या असतात. संघ निवडून झालेला, गणवेश वाटून झालेला. हे मूल मैदानाच्या कडेला उभे राहून चेंडू परत फेकण्याचे काम करते.

एका गावच्या स्पर्धेत असाच एक मुलगा शेवटच्या क्षणी कबड्डीच्या संघात उतरलेला मी पाहिला. सातवा गडी आजारी पडला होता म्हणून. पोरगा काटक होता; दोन चढाया त्याने मारल्या. प्रेक्षक ‘शाब्बास बहादूर’ म्हणून ओरडले. तो मुलगा बहादूर नव्हता. त्याचे नाव वेगळे होते, आणि त्याच्या संघातील एकालाही ते माहीत नव्हते. सामना संपल्यावर मुले वडापावच्या गाडीकडे गेली आणि हा आपल्या वाटेने बागेकडे. कोणी त्याला हाकलले नव्हते. कोणी बोलावलेही नव्हते. बाळूंच्या मातीच्या कपाला शंभर वर्षे उलटली, तरी तो अजून फुटलेला नाही, हे त्या संध्याकाळी मला स्पष्ट दिसले.

कबड्डीचाच उल्लेख आला म्हणून सांगतो. परक्या मुलाला आपल्यात घेण्यासाठी या खेळाइतका योग्य खेळ मला दुसरा दिसत नाही, आणि तो कोकणच्या रक्तात आहे. क्रिकेटमध्ये माणसामाणसांत बॅट आणि चेंडू असतात. कबड्डीत काहीच नसते. हा स्पर्शाचा खेळ आहे. प्रतिस्पर्ध्याला भिडल्यावाचून खेळ नाही, आणि सोबत्याचा हात धरल्यावाचून साखळी नाही. ज्या समाजाने शतकानुशतके स्पर्शालाच पाप मानले, त्या समाजात हा खेळ गावोगाव खेळला जातो, ही एक नवलाची गोष्ट आहे. शिवाय त्यात बाद झालेला गडी कायमचा बाहेर जात नाही. सोबत्याने प्रतिस्पर्ध्याला बाद केले की तो पुन्हा आत येतो. आपली मुले त्याला ‘जिवंत झाला’ असे म्हणतात. आपल्या श्रमाने दुसरा जिवंत होतो, हे बंधुतेचे एवढे सोपे प्रात्यक्षिक कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? साहित्य लागत नाही, बूट लागत नाहीत, आणि भाषा तर मुळीच लागत नाही.

या विचारावर काही आक्षेप घेतले जातात. मुलांना मोकळे सोडा, ती आपोआप मिसळतील, असे एक मत आहे. मुले आपोआप मिसळतात हे खरे, पण ती घरी ऐकलेल्या शब्दांसह मिसळतात. संघ निवडताना दोन नायक आळीपाळीने गडी मागू लागले की शेवटी कोण उरतो, ते कोणत्याही शिक्षकाने एकदा पाहावे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्याच वंचित मुलांना वसतिगृहात जागा पुरत नाही, बाहेरच्यांना कोठून द्यावी? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी स्वार्थी म्हणणार नाही; ज्याने टंचाई भोगली आहे, तोच तो विचारतो. परंतु आपल्या वाडवडिलांनाही गावाने नेमके हेच सांगितले होते. पाणी थोडे आहे, आमचे आम्हालाच पुरत नाही. महाडचे तळे काही त्या दिवशी आटले नव्हते. हक्क मागताना ज्यांनी समतेचा आधार घेतला, त्यांना हक्क वाटताना ‘आपले’ आणि ‘बाहेरचे’ असा हिशेब मांडता येत नाही. आणि खेळाच्या बाबतीत तर ही टंचाई खरीही नाही. मैदानावर आणखी दोन मुले आली तर मैदान लहान होत नाही.

तिसरी अडचण कागदांची आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारण्यास मनाई केली. दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवून ठेवण्यासही मनाई केली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेचे दार त्यामुळे उघडते. पण वयोगटाच्या स्पर्धांत वयाचा पुरावा मागितला जातो, आणि बागेतील खोपटात तो क्वचितच सापडतो. येथे आपल्याच परंपरेत एक तोड आहे. गावोगावच्या कबड्डीत वजनी गटांच्या स्पर्धा पूर्वापार होत आल्या आहेत. वजनी गटाला जन्मदाखला लागत नाही, वजनकाटा लागतो. तो काटा जात विचारीत नाही, देशही विचारीत नाही.

म्हणून आपल्या शाळेच्या व्यवस्थापनापुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे मी काही सूचना ठेवू इच्छितो. आंब्याच्या हंगामात, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, आपण परिसरातील शाळा आणि वस्त्या यांसाठी वजनी गटाची कबड्डी स्पर्धा भरवावी. त्यात शाळावार किंवा वस्तीवार संघ न घेता सर्व मुले एकत्र करून चिठ्ठ्यांनी संघ पाडावेत, म्हणजे शेवटी कोणी उरणार नाही. प्रत्येक संघाचा नायक सामन्यागणिक बदलावा. येथे भगवान बुद्धांचा एक प्रसंग आठवतो. शाक्य राजपुत्र संघात येण्यास निघाले, तेव्हा त्यांच्यासोबत आलेल्या उपाली या नाभिकाला आधी दीक्षा देण्यात आली, जेणेकरून राजपुत्रांनी त्याला वंदन करावे आणि त्यांचा कुलाभिमान गळावा. नुसता प्रवेश दिला असता तरी उपाली भिक्खू झालाच असता. परंतु क्रम बदलल्यामुळे संघ बदलला. कर्णधारपद ही आपल्या मैदानावरची तीच गोष्ट आहे.

स्पर्धेच्या दिवशी जेवण एकाच पंगतीत व्हावे आणि वाढण्याचे काम जिंकलेल्या संघाने करावे. पंच, गुणलेखक आणि प्रेक्षक यांनी प्रत्येक मुलाला त्याच्या नावानेच हाक मारावी. ‘बहादूर’, ‘कांचा’, ‘गुरखा’ हे शब्द मैदानावर येऊ देऊ नयेत. आणि शेवटची सूचना खर्चाची आहे, म्हणून तिला विरोध होईल: ज्या मुलांचे आईबाप हंगाम संपताच निघून जातात, त्यांतील निदान काहींना वर्षभर वसतिगृहात ठेवून घेण्याची सोय करावी. वर्षातून एक दिवस खेळविलेले आणि मग विसरलेले मूल हे आपल्या करुणेचे प्रदर्शन ठरेल. निवासी शाळेला जे शक्य आहे, ते इतर शाळांना शक्य नाही. आपल्याकडे मैदान आहे आणि त्याला लागून स्वयंपाकघर आहे. इतर संस्थांत या दोहोंच्या मध्ये मुलाचे घर असते, आणि घराचे सोवळे-ओवळे असते. आपल्याकडे मैदानावरून सुटलेली मुले हातपाय धुऊन थेट एकाच पंगतीत बसतात. बाळू पालवणकरांना जे अंतर जन्मभर पार करू दिले गेले नाही, ते आपल्या आवारात शंभर पावलांचेही नाही.

यातून कोणी मोठा खेळाडू घडेल असे आश्वासन मी देत नाही. घडला तर आनंदच आहे. पण ज्या दिवशी आपण या उपक्रमाचे यश चषकांच्या संख्येवर मोजू लागू, त्या दिवशी पुन्हा डाव्या हाताला घेऊन माणसाला बाहेर ठेवण्याची जुनीच रीत सुरू होईल. यश मोजण्याची माझी पद्धत साधी आहे. काही वर्षांनी आपल्या शाळेची पुढची स्मरणिका निघेल. तिच्यात कबड्डी संघाचे छायाचित्र असेल. मागच्या ओळीत, कोपऱ्यात, एक मुलगा उभा असेल. साऱ्या स्पर्धेत एकही गुण न मिळविलेला. छायाचित्राखालील यादीत त्याचे नाव इतरांच्या बरोबरीने, आडनावासह आणि शुद्ध छापलेले असावे; आणि ते वाचून ‘हा कोण?’ असे विचारण्याची गरज त्याच्या एकाही सोबत्याला पडू नये.